दुएंदे : घरातला आणि गाण्यातला

शब्दाची लक्षणा त्याच्या वाच्यार्थाच्या खांद्यावर उभी असते, हे आम्ही शिक्षक मंडळी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहोत. पण परभाषेतला एखादा मातबर शब्द आपल्या समीक्षेत पाहुणा म्हणून आला, की आपण त्याच्या लाक्षणिक अर्थाचे तेवढे आदरातिथ्य करतो आणि वाच्यार्थाला दाराबाहेर ठेवतो. स्पॅनिश भाषेतील ‘दुएंदे’ हा असा एक शब्द आहे. कवी फेदेरिको गार्सिया लोर्का (१८९८–१९३६) याच्या एका व्याख्यानामुळे तो जगभरच्या काव्यचर्चेत शिरला. इंग्रजीच्या वाटेने तो आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा ‘प्रतिभा’, ‘स्फूर्ती’, ‘कलेतील जादू’ असे काही अर्थ त्याला सहज चिकटतात. हे अर्थ सर्वस्वी खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु ते स्वीकारले की लोर्काने नेमका हाच शब्द का निवडला, या प्रश्नाला उत्तर उरत नाही. ते उत्तर आमच्या मते शब्दाच्या वाच्यार्थात दडलेले आहे. आणि वाच्यार्थ आहे घरात राहणारे भूत.

‘दुएंदे’ हा मूळचा एकसंध शब्द नव्हे. ‘दुएन्यो दे कासा’ म्हणजे घराचा धनी, या शब्दसमूहाचा तो झिजून उरलेला तुकडा आहे. ‘दुएन्यो’चा ‘दुएन’ झाला, मागचा षष्ठीवाचक ‘दे’ त्याला चिकटला आणि ‘कासा’, म्हणजे घर, हा शब्द गळून पडला. उरले ते केवळ ‘अमक्याचा धनी’. तो कशाचा, ते शब्दात राहिले नाही. घराच्या धन्याच्या नावातून घरच नाहीसे व्हावे, ही भाषेची एक गंमत आहे. ‘दुएन्यो’चे मूळ लॅटिन ‘दोमिनुस’. त्याच मुळापासून पोर्तुगीजमध्ये मालकाला लावतात तो शब्द आला, आणि गोव्यातील वाचकांच्या कानावरून गेलेली ‘दों’, ‘दोना’ ही बहुमानाची संबोधनेही त्याच कुळातील. तेव्हा शब्दाचे घराणे खानदानी आहे. ज्याला तो लावला जातो ते भूत मात्र अगदी सामान्य, चुलीपाशी आणि माळ्यावर वावरणारे.

भुताला धनी का म्हणावे? भीतीपोटी दिलेला हा मान असावा, असा आमचा तर्क आहे. आपण रात्री सापाचे नाव घेत नाही, ‘लांबडे’ म्हणतो; अंगावर फोड आणणाऱ्या रोगाला ‘देवी’ म्हणून मोकळे होतो. कोकणात तर याला अगदी जुळता शब्द आहे. एखाद्या जागेवर ज्या अदृश्य पुरुषाची सत्ता मानतात त्याला तेथे ‘जागेवाला’ म्हणतात आणि त्याचा मान त्याला देतात. दुएंदेला याच चालीवर ‘घरवाला’ म्हणावे, तर मराठीत अर्थ भलतीकडेच जातो, ही अनुवादकाची पहिली अडचण.

या घरधन्याचे वर्तन पाहिले तर तो मालक कमी आणि खोडकर पोर अधिक. रात्री तो भांडी वाजवतो, ठेवलेली वस्तू हलवतो, जिन्यावर पावले वाजवतो. त्याला कंटाळून कुटुंबाने बिऱ्हाड हलवले, तर सामानाबरोबर तोही निघतो, अशी लोककथा उत्तर स्पेनमध्ये सांगतात. कोणी माणूस नको तेथे अचानक उगवू लागला, की ‘दुएंदेसारखा हिंडतो’ असा वाक्प्रचार. ‘दुएंदेचे धन’ म्हणजे कोठे गेले ते न कळता विरून जाणारा पैसा. कारण दुएंदेने दिलेले द्रव्य हाती घेतले की त्याचा कोळसा होतो, अशी समजूत. आंदालुसिया प्रांतात तर भिंतीवरून कोणी चढून येऊ नये म्हणून तिच्या माथ्यावर जे वाळलेले काटेरी गवत रोवतात, त्यालाही अनेकवचनी ‘दुएंदे’ हेच नाव आहे. घराची राखण हा धागा येथे पुन्हा दिसतो, आणि तोही काट्यांच्या रूपाने.

धर्मशास्त्राने मात्र या गरीब भुताची वेगळीच वासलात लावली. सेबास्तियान दे कोवारूबियास याचा स्पॅनिश भाषेचा प्रसिद्ध कोश १६११ मध्ये निघाला. त्यात दुएंदे म्हणजे ल्युसिफरबरोबर स्वर्गातून पडलेल्या दूतांपैकी एक, असे स्पष्टीकरण आहे: काही पाताळात गेले, काही वातावरणात अडकले, काही पृथ्वीच्या पाठीवर राहून घरांतून आणि गुहांतून माणसांना भिववू लागले. लोकांच्या मनातील राखणदाराला सैतानाच्या सैन्यात भरती करण्याचा हा खटाटोप आपल्याला परका नाही. गोव्यात ‘देवचार’ हा गावाच्या शिवेवर रात्री फिरणारा, रोटाचा मान घेणारा राखणदार. पण ख्रिस्ती कोंकणीत त्याच शब्दाने सैतान दाखविला जातो. एकाच शब्दाच्या अंगावर दोन धर्मांची दोन वस्त्रे. दोन्ही ठिकाणी गावकऱ्यांनी जुनी ओळख टाकली नाही, हे विशेष.

वाच्यार्थाचा आणि लक्षणेचा खेळ साहित्यात प्रथम सुंदर रीतीने मांडला तो पेद्रो काल्देरोन दे ला बार्का याने. त्याचे ‘ला दामा दुएंदे’ हे नाटक १६२९ चे. दोन्या आन्खेला ही तरुण विधवा भावांच्या कडक पहाऱ्यात माद्रिदच्या घरात कोंडलेली आहे. घरी दोन मान्वेल नावाचा पाहुणा उतरतो. त्याच्या खोलीला लागून तिची खोली. मध्ये दार आहे, पण ते काचेच्या कपाटाने झाकलेले. कपाट सरकते, ती येते, चिठ्ठी ठेवते, जाते. पाहुण्याचा नोकर कोस्मे याची खात्री पटते की येथे दुएंदे आहे. आणि पटणारच, कारण त्याच्या थैलीतले पैसे जाऊन तेथे कोळसे आलेले असतात. दासीने केलेली ती थट्टा. पण प्रेक्षकाला ‘दुएंदेचे धन’ ठाऊक असल्यावाचून ती कळत नाही. मालक भुतावर विश्वास ठेवीत नाही, नोकर ठेवतो, आणि दोघांच्या मध्ये ती बाई वावरत राहते.

या नाटकाकडे केवळ गैरसमजांचा प्रहसनी गुंता म्हणून पाहणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. ज्या बाईला स्वतःच्या घरात दार उघडण्याचीही मुभा नाही, जिच्यावर भावांची मालकी आहे, ती मालकीण कधी होते? भूत झाल्यावर. शब्दाची व्युत्पत्ती ध्यानात ठेवून शीर्षक वाचले तर ‘घरधनी झालेली बाई’ असा त्याचा अर्थ होतो, आणि सारे नाटक त्या एका विरोधावर तोललेले आहे असे दिसते. आणखी एक योगायोग: नायिकेच्या नावात ‘आन्खेल’, म्हणजे देवदूत, आहे. देवदूत आणि दुएंदे ही जोडी तीनशे वर्षांनी लोर्काने समोरासमोर उभी केली. काल्देरोनने ती एकाच स्त्रीच्या ठायी आधीच एकत्र आणली होती.

पुढच्या दोन शतकांतील वाटचाल थोडक्यात सांगता येईल. फ्रान्सिस्को गोया याने १७९९ मध्ये ‘लोस काप्रिचोस’ ही ऐंशी चित्रांची मालिका काढली. तिच्या एकोणपन्नासाव्या चित्राचे नाव ‘छोटे दुएंदे’ असे आहे. भुते म्हणून दाखविलेल्या ओंगळ आकृती मठवाशांच्या पेहरावात मद्यपान करीत बसलेल्या. रात्री घर धुंडाळणारे भूत म्हणजे कोण, हे प्रेक्षकाने ओळखावे. मारियानो होसे दे लार्रा याने एकोणिसाव्या वर्षी, १८२८ मध्ये, नियतकालिक काढले त्याच्या नावात ‘उपरोधिक दुएंदे’ होता: न दिसता सर्व घरांत शिरणारा आणि पाहिलेले चारचौघांत सांगणारा. याच सुमाराच्या भाषेत ‘दुएंदे असणे’ या वाक्प्रचाराचा आणखी एक अर्थ होता, आणि कोशांनी तो नोंदविला आहे: मनात काहीतरी घर करून बसणे, त्याने अस्वस्थ करणे. आपण ‘डोक्यात भूत शिरले’ म्हणतो तसे. घराची भिंत येथे गळून पडली आणि भूत माळ्यावरून उतरून माणसाच्या डोक्यात आले. कलेतला दुएंदे पुढे निघाला तो या वाटेने.

सर्व स्पॅनिश मुलखांत हा प्रवास झाला नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. फिलिपाइन्स बेटांवर स्पेनची सत्ता १५६५ पासून १८९८ पर्यंत होती. तेथील तागालोग भाषेत ‘दुवेंदे’ हा शब्द आजही घट्ट रुतलेला आहे. पण तेथे तो केवळ बुटके भूत, वारुळात राहणाऱ्या स्थानिक भूतबाबाचा सोबती. गाणे, नाच यांच्याशी त्याचा काही संबंध नाही. वाच्यार्थ समुद्र ओलांडून गेला, लक्षणा मागे आंदालुसियातच राहिली. तेथील गायक, नर्तक आणि बैलझुंजीचे वीर हा शब्द आपापल्या व्यवसायाच्या बोलीत वापरीत होते. पुस्तकी समीक्षेत त्याला स्थान नव्हते.

ते स्थान लोर्काने दिले. ऑक्टोबर १९३३ मध्ये आर्जेन्टिनातील बोयनोस आयरेस येथे त्याने ‘दुएंदेची क्रीडा आणि मीमांसा’ या अर्थाच्या शीर्षकाचे व्याख्यान दिले. त्याआधी अकरा वर्षे, १९२२ मध्ये, संगीतकार मान्वेल दे फाया याच्याबरोबर तो ग्रानादा येथे आंदालुसियाच्या जुन्या ‘खोल गाण्या’ची स्पर्धा भरविण्यात पुढे होता. त्यामुळे व्याख्यानातील उदाहरणे ग्रंथांपेक्षा मैफलींतून आणि मद्यालयांतून आलेली आहेत. हेरेसचा जिप्सी गायक मान्वेल तोरे फायाच्या वादनातील एक रचना ऐकून म्हणाला की ज्यात काळे सूर आहेत त्यातच दुएंदे असतो. हे लोर्काला इतके महत्त्वाचे वाटले की सारी मीमांसा त्याने त्यावर उभारली. एका वृद्ध गिटारवादकाचे मत तो सांगतो, की दुएंदे गळ्यात नसतो. तो तळपायांतून आत शिरून वर चढतो. हेरेसच्याच एका नृत्यस्पर्धेत ऐंशी वर्षांच्या म्हातारीने केवळ हात उंचावून, मान मागे टाकून आणि फळीवर पाय आपटून तरुण सुंदर नर्तकींना कसे हरविले, तेही तो सांगतो.

व्याख्यानाचा कणा म्हणजे तिघांची तुलना: देवदूत, काव्यदेवता आणि दुएंदे. देवदूत प्रकाश देतो, डोक्यावरून उडत जाताना कृपा सांडतो. कलावंताला काही श्रम पडत नाहीत. काव्यदेवता रूप देते, कुजबुजते, बुद्धीला जागे करते. दोघे बाहेरून येतात. दुएंदे मात्र आतला. त्याच्याशी झुंजावे लागते, आणि मृत्यूची शक्यता दिसल्यावाचून तो येत नाही. लोर्का त्याला सैतानापासून काळजीपूर्वक वेगळा काढतो. ल्यूथरने ज्याच्यावर शाईची दौत फेकली म्हणतात तो संशयाचा राक्षस हा नव्हे, असे बजावतो, आणि त्याचे नाते सॉक्रेटिसाच्या अंतर्यामी बोलणाऱ्या आत्म्याशी जोडतो. म्हणजे कोवारूबियासच्या कोशाने केलेली भरती त्याने रद्द केली.

येथे एका तपशिलाकडे वाचकांचे लक्ष आम्ही मुद्दाम वेधू इच्छितो. हा आतला दुएंदे कोठे झोपलेला असतो? लोर्काच्या वर्णनात रक्ताला खोल्या आहेत, आणि त्यांपैकी अगदी शेवटच्या खोलीत जाऊन त्याला उठवावे लागते. रक्ताला खोल्या का असाव्यात? सामान्य वाचक याला कवीची एक चमकदार प्रतिमा म्हणून पुढे जाईल. पण दुएंदे म्हणजे घराचा धनी, हे ज्याला ठाऊक आहे त्याला कळते की कवीने शब्दातून गळून पडलेले घर परत बांधले आहे. माणसाचे शरीर हेच घर, त्याचे रक्त म्हणजे खोल्यांची रांग, आणि सर्वांत आतल्या अंधाऱ्या खोलीत तो जुना धनी. लक्षणा येथे वाच्यार्थाला सोडून गेलेली नाही. ती त्याच्याच जोत्यावर उभी आहे.

आपल्या अलंकारशास्त्राच्या भाषेत हे अधिक नेमके मांडता येईल. मम्मटाने लक्षणेच्या तीन अटी सांगितल्या: मुख्यार्थाचा बाध व्हावा, लक्ष्यार्थाचा मुख्यार्थाशी संबंध असावा, आणि त्यामागे रूढी तरी असावी किंवा प्रयोजन तरी. रूढीचे त्याचे उदाहरण ‘कुशल’ हा शब्द. कुश नावाचे गवत नीट खुडून आणणारा तो कुशल. पण आज ‘कुशल कारागीर’ म्हणताना कोणाच्या डोळ्यांपुढे गवत येत नाही. प्रयोजनाचे उदाहरण गंगेवरची गौळवाडी. वाडी काठावर असते हे सर्वांना कळते. तरी ‘गंगेवर’ म्हटल्याने जे शैत्य आणि पावित्र्य सुचते ते ‘गंगेच्या काठावर’ म्हणून सुचत नाही. आंदालुसियाच्या गायकांच्या तोंडी ‘दुएंदे’ हा रूढ लक्षणेच्या मार्गाला लागला होता. वापर सवयीचा, मुळाची आठवण अंधूक. लोर्काने त्याला त्या मार्गावरून ओढून प्रयोजनवती लक्षणेत आणला. काय सुचवावयाचे होते? कलेतील ही शक्ती लहान आहे, काळोखी आहे, घरातलीच आहे, तिला आवाहन करता येत नाही, तिने दिलेले धन हाती टिकत नाही, आणि ती पाळीव होत नाही. हे सर्व एका घरगुती भुताच्या नावाने क्षणात सुचते. कोणत्याही देवतेच्या नावाने सुचत नाही.

आता ‘प्रतिभा’ हा प्रतिशब्द घेऊन पाहावा. ‘भा’ म्हणजे प्रकाशणे. नित्य नवे सुचविणारी ती प्रज्ञा. शब्दाच्या पोटातच उजेड आहे. काळ्या सुरांतून वावरणाऱ्याला उजेडाचे नाव द्यावयाचे, म्हणजे अनुवादाच्या पहिल्याच पावलाला प्रयोजन बुडाले. ‘स्फूर्ती’ची तीच कथा, स्फुरणे म्हणजे लकाकणे, थरथरणे. शिवाय हे दोन्ही शब्द लोर्काच्या तिघांपैकी काव्यदेवतेच्या वाट्याला जातात. मग दुएंदेला काय उरले? ‘जादू’ तर याहून सोपी पळवाट. जादूगाराला जादू वश असते.

मग मराठीत या जागी काही आहे की नाही? आपला स्तुतीचा शब्दसंग्रह तपासला तर तो बहुतेक वरून आलेला दिसतो. कोणाच्या जिभेवर सरस्वती, कोणाच्या वाणीला प्रसाद, कोणाला दैवी देणगी. गायकाला आपण गंधर्व म्हणतो: नारायण श्रीपाद राजहंस बालगंधर्व झाले, कुंदगोळचे रामभाऊ सवाई गंधर्व झाले, बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले आणि देवासला राहिलेले शिवपुत्र कोमकळी कुमार गंधर्व झाले. लोर्काच्या वर्गवारीत हे सर्व देवदूताच्या बाजूचे बहुमान. गंधर्वाला एके काळी काळी बाजू होती, हे मात्र आपण विसरलो. बृहदारण्यकोपनिषदात पतंचल काप्याच्या घरी गंधर्वाने पछाडलेल्या स्त्रीचा प्रसंग दोनदा आला आहे. ब्रह्मविद्येचे प्रश्न तिच्या मुखातून तो गंधर्व विचारतो. घरात शिरलेला, माणसाचे अंग घेऊन बोलणारा, आणि ज्ञान देणारा. दुएंदेचा याहून जवळचा नातलग आपल्या प्राचीन वाङ्मयात आम्हांस दिसत नाही. रंगभूमीवर येईपर्यंत तो पूर्ण गोरा आणि गोड झाला.

खालून वर चढलेला एक शब्द आपल्या संतांनी दिला आहे: ‘पिसे’. तो पिशाचाच्या कुळातला. पिशाच लागले म्हणजे माणूस पिसा होतो. विठ्ठलाचे पिसे लागले म्हणजे भक्तही तसाच होतो. भुताटकीच्या शब्दाला भक्तीच्या शिखरावर नेण्याचे हे धैर्य लोर्काच्या धैर्यापेक्षा कमी नाही, आणि शेकडो वर्षे आधीचे आहे. अडचण इतकीच की आता ‘पिसे’ म्हणताना पिशाच कोणाला ऐकू येत नाही. शब्द ‘कुशल’च्या पंगतीला जाऊन बसला. आम्ही वर्गात एकदा त्याची व्युत्पत्ती सांगितली तेव्हा मुले दचकली; ते दचकणे हाच त्या शब्दाचा हरवलेला अर्थ. ‘झपाटणे’ या क्रियापदात भूत अजून जिवंत आहे, पण ते आपण कामाच्या धडाक्याला लावतो. ‘झपाटून अभ्यास केला’ याला फार तर पहिला क्रमांक मिळेल. ‘भारलेला’ यात मंत्र आहे, पण मंत्र दुसऱ्या कोणाचा तरी असतो.

राहिला ‘संचार’, किंवा खेड्यातला ‘वारे’. जागरात, गोंधळात अंगात वारे येते, देह घुमू लागतो, बोलणारा बदलतो. हा शब्द सर्वांत जवळचा, आणि तळपायांतून वर चढणाऱ्या दुएंदेला तो शोभूनही दिसेल. तरी आम्ही तो प्रतिशब्द म्हणून स्वीकारीत नाही. वारे येते ते देवतेचे. तिला ढोल-संबळाने बोलावतात, प्रश्न विचारतात, आणि काम झाले की पाठवून देतात. तिचे घर दुसरीकडे आहे. दुएंदेला बोलावणे नाही आणि निरोपही नाही.

लोर्काची बाजू आम्ही येथवर मांडली, ती निःशंकपणे स्वीकारली म्हणून नव्हे. व्याख्यानाच्या उत्तरार्धात तो दुएंदेला स्पेनची जवळजवळ राष्ट्रीय मालमत्ता ठरवितो: इतर देशांत मृत्यूने पडदा पडतो, स्पेनमध्ये उघडतो, अशा थाटाचे विवेचन येते. बैलझुंजीच्या वर्णनात ते खुलते, पण सिद्धान्त म्हणून टिकत नाही. त्याच व्याख्यानात ला मालेना नावाच्या वृद्ध जिप्सी नर्तकीची हकीकत आहे. ब्राइलोव्स्कीने वाजविलेला बाखच्या रचनेचा एक तुकडा ऐकून ती उद्गारली की यात दुएंदे आहे. रशियन साम्राज्यात जन्मलेला वादक, जर्मन रचनाकार, आंदालुसियाची श्रोती. मग मालमत्ता कोणाची? उदाहरणाने सिद्धान्ताला मागे टाकले आहे, आणि आम्ही उदाहरणाच्या बाजूचे.

दुसरा धोका वाचकांकडून आहे, आणि शिक्षकांनी तो ओळखला पाहिजे. व्याख्यानातील सर्वांत गाजलेली गोष्ट पास्तोरा पावोन हिची. कादिसच्या एका मद्यालयात ती गायली. आवाज सर्व करामती करीत होता, पण श्रोते थंड. एका बुटक्या माणसाने हळूच पॅरिसचा जयजयकार केला, म्हणजे कसबाची येथे मातब्बरी नाही असे सुचविले. ती वेड्यासारखी उठली, तिखट दारूचा पेला एका घोटात रिकामा केला, आणि मग भाजलेल्या घशाने, ना आवाज, ना दम, ना बारकावे, अशी गायली. आणि दुएंदे आला. या गोष्टीवरून पुष्कळांनी असा बोध घेतला की तालीम नको, तंत्र नको, बेभान झाले की पुरे. हा बोध गोष्टीत नाही. तिने जे मोडले ते तिच्याजवळ होते. आयुष्यभर कमावलेला आवाज बाजूला फेकण्याची किंमत तिने दिली. ज्याच्याजवळ फेकण्यासारखे काही नाही तो फक्त ओरडतो. आज स्पॅनिश कोशात या शब्दाचा अर्थ ‘गूढ, अवर्णनीय मोहकता’ असा दिला आहे, त्यातही हीच सवलत आहे. मोहकता कोणालाही परवडते.

म्हणून मराठीत आम्ही ‘दुएंदे’ हा शब्द जसाच्या तसा ठेवावा या मताचे आहोत. मात्र प्रथम येईल तेथे ‘घरातले भूत’ असा त्याचा वाच्यार्थ द्यावा, ‘प्रतिभा’ असा लक्ष्यार्थ देऊ नये. वाच्यार्थ हाती असला की लक्ष्यार्थ वाचक स्वतः गाठतो. उलट प्रवास होत नाही. काल्देरोनच्या नाटकाचे शीर्षक मात्र मराठीत आणता येईल, कारण तेथे भूत हे भूतच आहे. ‘घरधनीण’ हे नाव आम्हांस सुचते, आणि त्यातील उपरोध मराठी प्रेक्षकाला समजावून सांगावा लागणार नाही.

उरतो तो वाक्यरचनेचा प्रश्न. स्पॅनिशमध्ये ‘दुएंदे असणे’ याला जवळ बाळगण्याचे, धरण्याचे क्रियापद लागते. कर्ता माणूस, कर्म भूत. माणूस दुएंदेचा धनी झाल्यासारखे वाक्य होते, आणि घरधनी या मूळ अर्थाची उलटापालट होते. मराठीला असे क्रियापदच नाही. भूत माणसाला लागते, शिरते, झपाटते. कर्तेपद भुताकडेच राहते. आणि मालकी सांगावयाची तर आपण सप्तमी वापरतो: गळ्यात, हातात, अंगात. सप्तमी म्हणजे अधिकरण, राहण्याची जागा. स्पॅनिश शब्दातून जे घर गळाले ते मराठी प्रत्ययात आयते मिळते. यांपैकी ‘गळ्यात’ आपण गंधर्वासाठी राखून ठेवू, कारण त्या वृद्ध गिटारवादकाने गळा नाकारलाच आहे. ‘अंगात’ हे पद मात्र नेमके बसते, क्रियापद तेवढे सांभाळावे: देवता अंगात येते, दुएंदे अंगात असतो.